गोदीबुवाची काठी

‘आत कोण आहे?’ हे बाहेरून विचारायचं काम गोदीबुवाचं. त्या दुपारी तोच आमच्यासोबत कंटेनरच्या आत होता आणि बाहेरून दाराचा दांडा पडला.

कंटेनर तुम्ही ट्रकवरून जाताना पाहिला असेल. लोखंडाची बिनखिडकीची खोली. आत भिवापुरी मिरचीची पोती रचलेली, त्यातलं एक फाटलेलं. मी आणि शांता सांडलेली मिरची भरत होतो. दार लागलं तसा आपलाच हात दिसेना. मिरचीची धूळ नाकाघशात गेली. शांता किंचाळली आणि मग खोकतच राहिली.

‘‘ओरडू नको, बाय. श्वास वाचव,’’ तो म्हणाला.

हा माणूस मुंबईच्या गोदीतला. गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत जन्मला, तिथेच जहाजांवर माल चढवत म्हातारा झाला. चाळ पडली. मुलाच्या घरात याला जागा नव्हती. आमच्या मालकाने त्याला नागपूरला आणलं. आमच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून देठं खुडायच्या मैदानावर, परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरतात. त्यावर हा देखरेखीला. आम्ही त्याला गोदीबुवा म्हणायचो.

‘‘समुद्र नाही, भोंगा नाही. नुसता डबा,’’ असं तो रोज म्हणायचा. परत जायला घर नव्हतं, म्हणून राहिला होता.

दार लावण्याआधी तो काठीने तीनदा लोखंड वाजवायचा, ‘आत कोण आहे?’ विचारायचा आणि कान लावून उभा राहायचा. डबा रिकामा असो की भरलेला. गोदीतली सवय. आमची सुशीला त्याची नक्कल करायची.

‘‘काहून गा बुवा, काय ऐकून राहिले? मिरची उत्तर देते का तुमाले?’’

‘‘देईल एखाद्या दिवशी.’’

जेवायच्या सुट्टीत तो चाळीचं सांगायचा. एका मजल्यावर मालवणी, गोव्याचे ख्रिस्ती, कच्छी, केरळचे मुसलमान. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती, नळावर मात्र सगळे सारखेच भांडायचे. गोदीतली पाळी सुटली की बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. एका जरी घरचा माणूस दिसला नाही, तर त्या मजल्यावर कोणी ताटावर बसायचं नाही. दोघं जण फाटकावर चौकशीला जायचे.

‘‘दारू पिऊन पडला असन तरी?’’ सुशीलाने विचारलं.

‘‘तरी. तो आला की त्याला शिव्या घालायच्या आणि मग जेवायचं.’’

‘‘आमच्याकडं एवढा टाइम कोनाले हाय?’’ मी म्हटलं.

तो आमच्याच वस्तीत एका खोलीत राहायचा, हाताने भात शिजवायचा. म्हणाला, ‘‘इथे मी घरी आलो नाही तर कोणाला कळेल, बाय?’’

‘‘कळन ना. वास आल्यावर,’’ मी म्हटलं. सगळ्या हसल्या. तोही हसला.

त्या दुपारी तो फाटकं पोतं उचलू लागायला आत आला. काठी बाहेर दाराशी टेकवली. तेवढ्यात वादळ उठलं. मैदानभर मिरची पसरलेली, बायका ताडपत्र्या घेऊन धावल्या. नव्या चौकीदाराने भरलेला माल भिजू नये म्हणून दार ओढलं आणि दांडा अडकवला. त्याने विचारलं नाही. विचारायचं काम बुवाचं होतं.

वरून गारा पडत होत्या. आमचं ओरडणं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. बुवाने भिंत चाचपली. वरच्या कोपऱ्यात हवेची बारीक भोकं असतात.

‘‘पोत्यांवर चढा. पदर ओला करा, तोंड तिथे लावा.’’

बाटलीतलं पाणी त्याने आम्हालाच दिलं. भोकांशी दोनच तोंडं मावत होती.

‘‘तुमीबी या गा वर. आळीपाळीनं घेऊ.’’

‘‘मी दार वाजवतो.’’

दाराला लावायचं कुलूप त्याच्या खिशात होतं. त्या कुलपाने तो दार वाजवायचा. तीनदा, थांबून परत तीनदा. मध्ये खोकायचा. मग दोनदाच वाजू लागलं. मग मला नुसत्या गाराच ऐकू आल्या.

पाऊस थांबला. बायकांना घरी न्यायला टेम्पो आला. सुशीलाला चिखलात पडलेली काठी दिसली. तिने ती उचलली, सगळ्यांना हसवायला दारावर तीनदा आपटली आणि त्याच्या आवाजात म्हणाली, ‘‘आत कोण आहे, बाय?’’ वर त्याच्यासारखा कानही लावला.

माझ्या घशात आवाज उरला नव्हता. मी हातातलं कडं लोखंडावर आपटलं.

दार उघडलं तसा बुवा बाहेर कोसळला. दाराला टेकूनच बसला होता. कुलूप मुठीत होतं. सुशीला काठी धरून तशीच उभी राहिली. मग तिनेच त्याचे पाय धरून त्याला टेम्पोत घातलं.

दवाखान्याच्या आवारात आमची सगळी टोळी बसली. कोणी घरी गेलं नाही. सुशीलाच्या नवऱ्याचा फोन आला, ‘‘जेवाले काय हाय?’’

‘‘काही नाही. बुवा घरी आले नाही अजून,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवस मावळता डॉक्टर बाहेर आले.

आत आम्ही तिघं होतो. मी जगले. शांता जगली.