पूल आला, सांभाळून या

खाली दुकान, वर घर अशा जुन्या शॉपहाउसच्या मागची ती गल्ली 'जतन' केली, असं फलकावर लिहिलंय. साफ खोटं. भिंती ठेवल्या, गुलाबी रंगवल्या आणि आतल्यांना बाहेर काढलं. मेलेल्यांनासुद्धा.

तिथे एका माडीवर एकाच आडनावाच्या चिनी लोकांचं जुनं सभाघर होतं. भिंतभर पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या. जागा सोडायची वेळ आली तेव्हा वारसांनी आपापल्या पाट्या नेल्या. बिनवारस उरल्या. त्यांच्यासाठी सभाघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अंकलनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुकित बातोकला, एका कारखान्यांच्या इमारतीत खोली मिळवली.

या हकालपट्टीविरुद्धच्या पत्रकासाठी मी माहिती घ्यायला गेले होते. पाट्यांवरची नावं अंकलमागून म्हणताना माझा प्रत्येक उच्चार त्यांनी दुरुस्त केला. निघताना सवयीने पाट्यांना हात जोडले, "येते हं."

"काय म्हणालीस?" अंकलनी विचारलं.

आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, हे सांगायचं सोडून मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं, "आय ॲम कमिंग."

त्यांचा चेहरा उतरला. "एई गर्ल, मेलेल्यांना असं सांगतात? आता ते वाट बघणार. शिफ्टिंगला तू यायचंच, ला." तो 'ला' इथल्या बोलीतला, जोर द्यायला.

गेले. व्हॅनमध्ये लाल कापडात बांधलेल्या पाट्या आमच्या मांडीवर. अंकलनी बजावलं, पूल आला की मोठ्याने सांगायचं, नाहीतर पाट्यांतले आत्मे अलीकडेच राहतात. पहिल्या पुलावर ते चिनीत ओरडले, मी मराठीत, "पूल आला, सांभाळून या!"

"सीटबेल्ट पण लावायला सांग," ड्रायव्हर म्हणाला.

मग तो गुलाबी रंग आठवला आणि मी पेटले. वारसा म्हणजे काय फोटोपुरती भिंत? आतली माणसं म्हणजे कचरा? अंकल माझ्याकडे वळून ऐकत होते. पत्रकातली सगळी वाक्यं मी त्यांना ऐकवली. तेवढ्यात व्हॅन एका फ्लायओव्हरवरून खाली उतरली.

"सांगितलंस?" अंकलनी विचारलं.

मी नव्हतं सांगितलं. त्यांनीही नाही.

"मागे फिरव."

"एक्स्प्रेसवे आहे अंकल, फिरवू कुठे?"

नव्या खोलीत पाट्या ओळीने लागल्या. एकही कमी नव्हती. तरी अंकल प्रत्येकीपुढे थांबून कान देत होते.

त्या फ्लायओव्हरवर चालत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या खाली उभे राहिलो. वर मान करून अंकल एकेक नाव घेऊन हाका मारत होते. मी मागून म्हणत होते. माझे उच्चार चुकत होते आणि या वेळी ते दुरुस्त करत नव्हते.