न दुखणारा पाय

आमच्या दवाखान्यातले मामा माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, नजर थेट पायाकडे. कोणी दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागला की हे आतून सांगणार, "ह्याचा घोटा गेलाय." सोलापुरातल्या ह्या हाडांच्या दवाखान्यात ते प्लास्टर घालायचे, मी एक्स-रे काढतो. माझा फोटो निघायच्या आधीच त्यांचा निकाल लागलेला असायचा आणि तो बरोबर निघायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागही यायचा.

मूळचे नातेपुत्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मोडलेला पाय ओळखायला ते मेंढरांवरच शिकले. नडगीवरून अंगठा खाली सरकवत न्यायचा, घोट्याला वळसा घालायचा, मग टाच दाबायची. जनावरानं पाय ओढून घेतला की मोड तिथंच. "मानूस काय निराळा हाय? दुकतंय तितं मोडलंय," एवढंच त्यांचं शास्त्र.

एका जागी बसणं म्हणून नाही. दोन प्लास्टरांच्या मध्ये फेऱ्या, चहाचा कप हातात घेऊन फेऱ्या. असा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. बघून बघून आपणच दमतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा डावा पाय चपलेत मावेना. सुजलेला, लाल, हाताला गरम. फोटो काढू या म्हटलं, तर त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या पायाचा पंजा करकचून दाबला. "बग की, कुटं दुकतंय? मोडलं न्हाय."

त्यांची शुगर जुनी होती आणि शुगरनं पाय बधिर होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण यांच्याशी वाद कोण घालणार म्हणून मी पुढचा पेशंट आत घेतला. पुढे तीन आठवडे मामा त्याच पायावर फेऱ्या घालत होते. ते आठवलं की मला आजही बसवत नाही, उठून दारापर्यंत जाऊन येतो.

शेवटी डॉक्टरांनी दरडावून फोटोला पाठवलं. पंजाच्या मधल्या हाडांचा चुरा झाला होता, तळव्याची कमान खाली बसली होती. मामांनी फोटो उजेडासमोर धरला आणि कितीतरी वेळ बघितला. मग तळव्याला जखम झाली, ती चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

आता ते कुंभारीला लेकीकडे असतात. प्लास्टरच्या खोलीत नवा माणूस आलाय.

मागच्या महिन्यात मामा तपासणीला आले होते. चाकाची खुर्ची लेकीला माझ्या खोलीत आणायला लावली, आणि उरलेला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

काय होतंय, मी विचारलं.

"काय बी होत न्हाय. म्हनून तर फोटू काड म्हनतोय."