रोह्याच्या हॉलमध्ये माझा आवाज

भिंतीवर माझं सैपाकघर. एवढं मोठं केलेलं की मसाल्याचा डबा माझ्या डोक्याएवढा दिसत होता. चुलीमागची काळी भिंत, दोरीवर पोरीची दुपटी, मोरीत न घासलेलं पातेलं. सगळं. आणि मध्ये मी. डोक्यावर पदर, हातात नारळ, मॅडमची ओटी भरताना.

रोह्याचं कॉलेज, वरच्या मजल्यावरचा हॉल, एसी लावलेला. पन्नासएक माणसं असतील. पीएचडी करणारी, पीएचडी झालेली, झाल्यावर पण शिकणारी. दोन दिवसांचं त्यांचं शिबिर होतं, पुढं नोकरी कशी मिळवायची, गावात जाऊन काम कसं करायचं, असलं. मॅडमनी ये म्हणून बोलावलेलं, म्हणून मी शेवटच्या रांगेत पोर मांडीवर घेऊन बसलेली. आठ महिन्यांची पोर, पदराखाली दूध पीत होती.

मॅडम माइक धरून म्हणाल्या, "गावातली बाई पहिल्या दिवशी काही सांगत नाही. तिला उघडावं लागतं."

उघडावं लागतं. डबा उघडावा तसं.

मग फोटोच्या बाजूला एकेक इंग्लिश शब्द यायला लागला. मी नववीतून शाळा सोडली, लग्न झालं म्हणून. इंग्लिश मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं. पण हे सोपे होते. बेबी. वॉटर. मॅट. फूड.

"आधी बाळाला उचलून घ्या. मग पाणी मागा. स्वतःच्या बाटलीतलं नाही, त्यांच्या हंड्यातलं. खुर्ची दिली तरी चटईवर बसा. आणि वाढलं तर खा. आवडलं नाही तरी खा."

पुढून एकजण बोलला, "मॅडम, सुकट असली तरी?"

"सुकट असली तरी! तीन महिने जवळा खाल्लाय मी. पीएचडीला झाले नाहीत एवढे हाल पोस्टडॉकला झालेत."

सगळा हॉल हसला.

तो जवळा मी केला होता. निवडला, दोन पाण्यातनं काढला, कांदा घालून तव्यावर परतला, वर कोकम. मॅडम बोट चाटून म्हणाल्या होत्या, "ताई, तुझ्या हाताला काय चव आहे गं." मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला तर त्याला पण सांगितलं, मॅडमना आवडलं म्हणून. हसतच होते मी सांगताना. ते आठवलं आणि कानाची पाळी तापली.

मॅडम मुंबईच्या. मोठ्या विद्यापीठातल्या. खाडीकाठच्या बाया, त्यांचं बाळंतपण, खारं पाणी, असा त्यांचा विषय. पावसाळा सरल्यावर आमच्या गावात आल्या. कासू स्टेशनला उतरायच्या, रिक्षा करायच्या, आठवड्यातनं तीन दिवस. बाकी बाया दोन-चार शब्द बोलून कामाला जायच्या. मी घरातच, पोर लहान. म्हणून माझ्याकडं बसायच्या. पहिल्या दिवशी एका कागदावर सही घेतली. इंग्लिशमध्ये होता. काय हाय विचारलं तर म्हणाल्या, "हजेरीसारखं असतं गं." फोन चटईवर ठेवला, रेकॉर्ड करू ना विचारलं. मी व्हय म्हटलं. मग तीन महिने फोन तिथंच पडलेला असायचा. भांड्याकुंड्यांसारखा. कोण बघतं त्याच्याकडं?

मला कोण मैत्रीण नाय सासरी. माझं माहेर आतल्या बाजूला, अष्टमी गावाच्या पुढं, तिथं खाडी नाय, खारं नाय. मला इथं सुरवातीला चालता पण यायचं नाय चिखलात, बाया हसायच्या. मॅडम पोरीला उचलून घ्यायच्या, तिचा शेंबूड स्वतःच्या ओढणीनं पुसायच्या. मला वाटलं, ही माझी बहीणच. शेवटच्या दिवशी मी त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. माहेरवाशिणीची भरावी तशी. बरोबर एक पोरगी होती त्यांच्या, तिनं फोटो काढला.

आणि त्या तीन महिन्यांत एका दुपारी मी त्यांना ते सांगितलं. जे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं रीत हाय. मोठ्या उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी भातात शिरलं, की गावात हाळी पडते. घरटी एक माणूस. खांड बुजवायला. ज्या घरातनं माणूस नाय येत त्या घराचं नाव चारचौघांत घेतात. ही पोर व्हायच्या आधी एका वर्षी हाळी पडली तेव्हा नवरा कंपनीत, दिवसपाळीला. सासरे नायत. सासूचे गुडघे गेलेले. उरले मी. सहावा महिना. सासू जा म्हणाली नाय. नको पण म्हणाली नाय. गप्प बसून राहिली. त्या गप्प बसण्यातनं मला समजलं.

गेले. बायांच्या रांगेत उभी राहिले, गुडघाभर पाण्यात, चिखलाचे ढेपे हातोहात पुढं द्यायचे. दुपारपर्यंत दिले. घरी आले तर कमरेत कळ. लुगड्याला डाग.

मी सांगितलं नाय. दोन दिवस. भिले. आतल्या गावची हाय, कामाला भिते, नाटक करते, असं म्हणतील म्हणून भिले. धुणं लपवून धुतलं. तिसऱ्या दिवशी पेणला दवाखान्यात नेलं, पोर पोटातच गेलेलं. मुलगा होता. घरात म्हणाले, नशीब. मी पण मान हलवली, नशीब. ते दोन दिवस मी गिळले. ते फक्त मॅडमना सांगितले. रडले त्यांच्या खांद्यावर. त्या पण रडल्या. खरंच रडल्या, मी बघितलं.

हॉलमध्ये शेवटचा शब्द आला. तो मला पटकन वाचता आला नाय. अक्षरं जुळवतेय तोवर मॅडमच म्हणाल्या, "आता या सगळ्यातून काय मिळतं ते ऐका. दोन मिनिटांचा ऑडिओ आहे."

आणि माझा आवाज आला. चारी भिंतींतनं.

"त्या दिवशी ना मॅडम, हाळी पडली, घरटी एक माणूस..."

मागं पोरीचं खुळखुळं वाजत होतं. कोंबडं ओरडत होतं. हॉलमधल्या पोरांनी पेनं उघडली.

माझ्या शेजारी जिते गावची एक पोरगी होती, पीएचडी करते. सकाळी चहाला तिनंच ओळख काढली होती. गाईड सही देत नाय म्हणून वैतागलेली, मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडं सासू असते ना, आमच्याकडं गाईड असतो." आम्ही दोघी हसलो होतो. आणि मग कळलं की तिची मावशी आमच्याच गावात दिलीय. आमच्या घरापासून तिसरं घर.

तिसरं घर.

आवाज पुढं चाललेला. माझाच, पण मला थांबवता येत नव्हता. बांधावर गेले. ढेपे दिले. कळ आली. मला ठाऊक होतं पुढं काय हाय. पुढच्या वाक्यानंतर दोन दिवस. ते एकदा ऐकलं की मावशीच्या घरी, मावशीच्या घरून पाणवठ्यावर, पाणवठ्यावरून सासूच्या कानात. हिनंच लपवलं. हिनंच पोर घालवलं. नवऱ्याच्या कानात. ही जी मांडीवर हाय ती पण माझ्याकडं ठेवतील का?

"...आणि मग मी दोन दिवस कोणाला..."

"बंद करा!"

मी उभी होते. कधी उठले ठाऊक नाय. पोर दचकून रडायला लागली, पदर नीट नव्हता, पन्नास माणसं मान मोडून मागं बघत होती.

मॅडमनी बंद केलं. हसल्या. "ही बघा, हीच आपली ताई. ये ना गं पुढं. टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

वाजवल्या. खरंच टाळ्या वाजवल्या लोकांनी.

मी म्हटलं, "ते माझं हाय. ते लावू नका."

मॅडम माइक बाजूला धरून म्हणाल्या, "ताई, नाव बदललंय मी. कुणाला कळणार नाही."

"आवाज बदललाय?"

मग कोट घातलेले सर होते, शिबिराचे मुख्य, ते उठले. "आपण हे लंचनंतर बघू. तसं परमिशन आहे ना मॅडम तुमच्याकडं?"

"आहे ना सर. सही आहे तिची." मॅडमनी फाइलीतनं कागद काढून वर धरला. लांबून पण ओळखली मी माझी सही. शाळेत शिकवली तशी, अक्षर अक्षर सुटं. लाज वाटली तिची. आणि मग लाजेच्या वर दुसरं काहीतरी आलं. सही माझी, तर कागद पण माझा ना? मग त्यात काय लिहिलंय ते मला का ठाऊक नाय?

"मला वाचून दाखवा," मी म्हटलं.

"ताई, लंचनंतर..."

"आत्ता. हितं. मराठीत."

सर घड्याळ बघायला लागले. पुढच्या रांगेतला सुकटवाला खाली मान घालून फोन बघायला लागला. जित्याची पोरगी माझ्या शेजारनं उठली. तिला पण त्या लोकांकडनंच पुढं काम लागणार होतं, ते मला तेव्हा पण कळत होतं. ती पुढं गेली, मॅडमच्या हातातनं कागद घेतला, एकेक ओळ मराठीत करून वाचायला लागली. विषय काय. कोण करतंय. आवाज घेतला जाईल. पाच ओळी झाल्या. सहाव्या ओळीला ती थांबली, माझ्याकडं बघितलं.

"माहिती देणारी व्यक्ती कधीही, काही कारण न सांगता, माघार घेऊ शकते. तिनं सांगितलं तर तिची माहिती काढून टाकली जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नको म्हणालात, तर नको, ताई."

तीन महिने ती ओळ माझ्या सहीच्या वर होती. माझ्याच घरात, माझ्याच चटईवर लिहून दिली होती मला. इंग्लिशमध्ये.

"मग नको," मी म्हटलं. "काढा."

मॅडमनी लॅपटॉपमधनं काढलं. मी पुढं जाऊन बाजूला उभी राहिले, पोर कडेवर, सगळ्या हॉलकडं पाठ. मग फोनमधलं काढलं. मी निघणार तर जित्याची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, ड्राइव्हवर पण असेल." मॅडमनी तिच्याकडं असं बघितलं की मला तिचीच काळजी वाटली. ते पण काढलं. आणखी कुठं असेल तर मला ठाऊक नाय. अजून रात्रंदिवस डोक्यात येतं, कुठं असेल का.

जिन्यात मॅडम मागनं आल्या. डोळे लाल. "मी तुझ्यासाठी किती केलं गं. पुढच्या प्रोजेक्टला गावातली एक बाई घ्यायची होती, तुझंच नाव देणार होते. आता कसं देऊ?"

घराजवळचं काम. पोर बरोबर नेता आलं असतं. मला ते पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू.

"नका देऊ," मी म्हटलं. जेवण न घेता खाली उतरले.

गाडीत बसले. कासूपर्यंत विचार एकच. जित्याच्या पोरीनं अर्धं ऐकलंय, पन्नास माणसांनी अर्धं ऐकलंय. उरलेलं कोणीतरी स्वतःच्या मनानं जोडणार. त्याच्या आधी मी सांगितलं पाहिजे. मीच.

घरी सासू अंगणात तांदूळ पाखडत होती. "काय गो, लवकर आलीस? दिलं का काय मॅडमनी?" मी पोरीला खाली ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. ढेपे, डाग, दोन दिवस. श्वास न घेता.

सूप थांबलं.

"तवा बोलली का नाय?"

"भिले."

"कोणाला भिलीस?"

"तुम्हाला."

ती परत पाखडायला लागली. आज पंधरा दिवस झाले, मला हाक मारत नाय, कामाचं पोरीच्या नावानं सांगते. नवऱ्यानं ऐकलं आणि तो अंगणात जाऊन बसला. घरात कोणी मला जवळ घेतलं नाय. पण मावशीच्या घरनं आता येऊन येऊन काय येणार? माझ्या तोंडनं आधीच आलंय.

परवा मॅडमचा फोन आला. आवाज बारीक झालेला. त्यांनी नवीन कागद केलाय, मराठीत. ऑडिओ नको, नुसतं लिहून वापरते म्हणाल्या, नाव नाय, गाव नाय. "ताई, तो पेपर अडलाय गं. माझी मुदत संपत आलीय. तो छापून आला नाही तर मला कुठंच नोकरी नाही. एवढी वर्षं शिकून मी काय करू सांग?"

त्या रडत होत्या. खोटं नव्हतं. भ्यालेल्या माणसाचा आवाज मला कळतो. मी पोरीला भात भरवत होते, तिनं माझं बोट चावलं, मी ते काढलं नाय. मॅडम म्हणत होत्या, ताई, प्लीज. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या घरात जेवलेलं माणूस ते.

"मॅडम," मी म्हटलं, "तुमची भीती मला कळते. पण माझ्या मेलेल्या पोरावर तुमची नोकरी उभी राहणार नाय. परत विचारू नका. विचारलंत तरी नाय."

फोन मीच ठेवला. आणि हे मी लिहिलंय, माझ्या सुट्या सुट्या अक्षरांत. कोणी विचारलं नाय, कोणी उघडलं नाय. ज्याला माझं ऐकायचंय त्यानं एवढंच ऐकायचं. ह्याच्या पुढचं मी देत नाय.