बॅटन कोणाच्या हातून सुटली

कुसुमताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या, बसमागे धावताना. अकोटच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला मी अकोल्याहून आले, स्टँडवर उतरले आणि प्रमाणपत्रांची फाइल बसमध्येच राहिली. बस तेल्हाऱ्याकडे निघालेली. "अहो, माझी फाइल!" एवढंच मी ओरडत होते. भाजी घेणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंनी त्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली, निऱ्या खोचल्या आणि फाटकापाशी बस गाठून पत्र्यावर थाप मारली. परत आल्या त्या फाइल उघडून वाचतच. "घे वं माय, तुई नोकरी पयून चालली होती! आन मराठीत येवढेच मार्क?"

त्या आमच्याच शाळेच्या खेळाच्या बाई निघाल्या.

त्यांचं माहेर तेल्हाऱ्याजवळ, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मळ्यात वानरांच्या टोळ्या उतरायच्या आणि त्यांना हाकलायचं काम कुसुमताईंचं. "वांदराच्या मांगं पयाली का कोन्या बी पोट्टीच्या पुढं पयता येते," हे त्यांचं प्रशिक्षणशास्त्र. त्या जोरावर अमरावतीच्या कॉलेजात गेल्या, शंभर मीटरमध्ये राज्यात पहिल्या आल्या आणि रिले संघात तिसऱ्या क्रमांकावर धावू लागल्या. तिसरी धावपटू वळणावर पळते. "सरयवर कोनीबी पयते," त्या म्हणायच्या, "वयनावर मानूस कयते."

एकदा अकोल्याहून आलेल्या तरुण तपासनिसाने त्यांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी धावल्या आहात का?" ताईंनी चपला काढल्या. "चाला सायेब, पन्नासच मीटर. तुमी बुटात, मी अशीच." साहेब पाच पावलं मागे राहिले. शाळा टाळ्या वाजवत असताना ताई त्यांना गंभीरपणे म्हणाल्या, "बूट लई चांगले हायेत सायेब. आता पायाईले बी सांगून ठेवा."

मात्र त्यांचं नाव गावाला ठाऊक होतं ते वेगळ्याच कारणाने. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत संघ सर्वांच्या पुढे असताना तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूंच्या मध्ये बॅटन खाली पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की कुसुमच्या हातून ती सुटली. त्यानंतर त्यांना संघात घेतलं नाही. स्टाफरूममध्ये कोणाच्या हातून कप निसटला, की सगळे ताईंकडे बघत आणि सर्वांत मोठ्याने त्याच हसत.

त्या निवृत्त झाल्यावर अमरावतीत जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. येत नाही म्हणत होत्या. मीच त्यांना ओढून नेलं. त्या शर्यतीतली चौथी धावपटू, नलिनी, तिथे प्रमुख पाहुणी होती. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेली. भाषण करता करता ती थांबली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, "कुसुमची चूक नव्हती. घाबरून मी आधीच सुटले, हात मागे दिलाच नाही. त्याच आठवड्यात खेळाडूंच्या कोट्यातून माझी नोकरीसाठी निवड व्हायची होती. कुसुमने आमच्या प्रशिक्षक सरांना स्वतःचं नाव सांगितलं आणि मी गप्प बसले." सभागृहात कुजबुज सुरू झाली.

ताई उठल्या, तरातरा मंचावर गेल्या आणि माइक हिसकून घेतला. "खोटं बोलून राह्यली हे! वय झालं तिचं, काई आठवत नाई. माह्याच हातून सुटली." नलिनी नाही नाही म्हणत होती, ताईंनी तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. लोक हसले, कुजबुज विरली.

परतीच्या बसमध्ये मी चिडलेच होते. "ताई, आयुष्यभराचा डाग पुसला जात होता. का अडवलंत तिला?"

त्या संत्रं सोलत होत्या. "तिचा बाप मेला होता वं तवा. पाठीवर दोन लहान भावंडं. माह्या घरी भाजीचा मया होता, तिच्या घरी काय होतं? आन आता म्हातारपनी येवढ्या लोकाईत तिले खाली पाहू देऊ?" मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून त्यांनी डोळे मिचकावले. "दुसरं म्हंजे, जलमभरात पेपरात माहं नाव एकडावच आलं. थे बी तिले देऊन टाकू?"

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी बजावलं, "कोनाले सांगू नको."

त्या होत्या तोवर मी सांगितलं नाही.