निळी पिशवी, पिवळी पिशवी

दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत तिनं सव्वीस वर्षं काढली. काम निवडणीचं. गाडीतून पिशव्या उतरल्या की त्या फोडायच्या, चादरी एकीकडे, अभ्रे एकीकडे, रक्ताचे आणि घाणीचे कपडे वेगळ्या टोपलीत टाकायचे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, गळ्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकचा एप्रन. उंची इतकी बेताची, की निवडणीच्या टेबलापाशी ती खोक्यावर चढून उभी राहायची. म्हणून सगळे तिला बुटकी मावशी म्हणत. नव्या पोरी चार दिवसांत पळून जात. मावशी त्यांना सांगे, "नाक दोन दिवस कुरकुर करतं गं. तिसऱ्या दिवशी गप्प बसतं."

घरी ती आणि तिची ताई. ताई बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मावशी सहा वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. पुढं ताईचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला आणि दोघी बहिणी पुन्हा एका घरात आल्या. ताईनं एस्टीच्या स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. तिच्या आवाजानं बाकावर आडवा झालेला माणूस खडबडून उठायचा आणि तिकीट चाचपायचा. घरातही तीच तऱ्हा. "लक्ष द्यावे! चहा ओट्यावर उभा आहे, थंड व्हायच्या बेतात आहे."

त्या आवाजाला आधी पोटाचा आजार लागला, मग तो हाडांत शिरला. दवाखान्यातला डॉक्टर वयानं लहान होता, पण त्यानं आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, "आता औषधं बदलून आजार हटणार नाही. आता एवढंच बघायचं, की त्यांना दुखू नये. त्यासाठी हॉस्पिस असतं. शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून." त्यानं एका कागदावर दोन पत्ते लिहून दिले. एक टेकडीवरचं, तीस खाटांचं. दुसरं मालधक्क्यामागच्या जुन्या शाळेतलं, चौदा खाटांचं. "दोन्ही बघून घ्या," तो म्हणाला.

 रिक्षा घराच्या वळणावर आली तेव्हा ताई एकदम म्हणाली, "बुटके, मरायला मी भीत नाही. दुखण्याला भिते. मला ओरडायला लावू नकोस. जन्मभर ओरडले तेवढं पुरे झालं."

"नाही लावणार," मावशी म्हणाली. बोलून तर गेली. असा शब्द आपल्या हातात असतो का, हे तिला ठाऊक नव्हतं.

दोन्ही ठिकाणं बघायची तिला गरज वाटली नाही, कारण दोन्हींचे कपडे तिच्याच टेबलावर यायचे. टेकडीवरच्या निळ्या पिशव्या हलक्या, कपडे जवळजवळ स्वच्छ. मालधक्क्याच्या पिवळ्या पिशव्या दोघांनी उचलाव्या लागत, आणि त्या फोडल्या की नव्या पोरी तोंड फिरवत. तिथं माणसांचे काय हाल असतील, या विचारानं मावशीच्या अंगावर काटा यायचा. त्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, टेकडीवरचंच घे. मी सगळं वाचलंय. बाग आहे, प्रत्येक खाटेला घंटा आहे, भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत." झालं. दोन दिवसांत ताई टेकडीवर गेली.

जागा देखणी होती. कारंजं होतं, फरशीत तोंड दिसत होतं, दारातली मुलगी हसून बोलायची. मावशी रोज पाचला कामावरून सुटून थेट तिथं जायची. तिसऱ्या दिवशी ताईच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. मावशीनं घंटा दाबली. पुन्हा दाबली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. चाळीस मिनिटांनी एक सिस्टर आली आणि म्हणाली, "पुढचा डोस आठला. आधी देता येत नाही."

"पण तिला आत्ता दुखतंय."

"या आजारात दुखायचंच हो. तुम्ही घाबरू नका."

मावशी घाबरली. पुढच्या भेटींत ताईचं बोलणं कमी कमी होत गेलं. विचारलं की मान हलवायची, बस. शेजारच्या खाटेवरच्या काडीसारख्या म्हातारीला भेटायला कुणीच येत नसे. ती मावशीकडं टक लावून बघत राही. खोलीत फुलांच्या अत्तराचा वास होता आणि त्याच्या तळाशी दुसरा एक वास होता. मावशीच्या नाकाला तो ओळखीचा होता. पण तिनं स्वतःलाच दटावलं: तू दिवसभर त्याच वासात असतेस, तो तुझ्याच अंगाला लागला असेल.

नवव्या दिवशी सकाळी तिनं निळी पिशवी फोडली आणि वरचीच चादर पसरली. मधोमध डाग होता. डागाला एकात एक तीन कडा होत्या, झाडाच्या कापलेल्या खोडावर असतात तशा. ओलं झालं, सुकलं, त्यावर पुन्हा ओलं झालं, पुन्हा सुकलं, पुन्हा ओलं झालं. म्हणजे त्या चादरीवर कुणीतरी तसंच पडून होतं. तास नव्हे, दिवस.

कुणाची चादर ते कळायला मार्ग नव्हता. कुणाचीही असेल. ताईचीही.

 तिनं सगळी पिशवी जमिनीवर ओतली आणि चादरी मोजल्या. बारा. तीस खाटांच्या एका दिवसाच्या चादरी बारा. मग तिनं पिवळी पिशवी ओढली. चौदा खाटांच्या एक्केचाळीस चादरी निघाल्या. घाण होत्या, रक्ताच्या होत्या, पण प्रत्येक डागाला कड एकच. ओल्या असतानाच काढलेल्या. गेली कित्येक वर्षं या दोन पिशव्या तिच्या हातांखालून गेल्या होत्या, आणि तिनं त्या उलट्या वाचल्या होत्या. ती खोक्यावरून उतरली आणि भिंतीला टेकून बसली.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, एप्रन काढायचंही न सुचता, ती मालधक्क्यामागं पोचली. दुपारचे तीन. फोन केला नव्हता. इमारतीचा रंग उडालेला, दारात मोडकी खुर्ची. इथंही तेच असलं तर? मग ताईला न्यायचं कुठं? ती आत शिरली आणि व्हरांड्यातच उभी राहिली. कुणा पुरुषाचं कण्हणं ऐकू आलं. तिनं घड्याळावर नजर लावली. मिनिटभरात एक आया आत गेली, तिच्या मागोमाग औषधाचा ट्रे घेऊन सिस्टर. थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. ते औषधानं थांबलं की कशानं, हे बघायला मावशीनं दारातून डोकावलं. माणूस उशीला टेकून पाणी पीत होता.

"कोण हवंय आपल्याला?" मागून आवाज आला. तिथला सगळा कारभार बघणाऱ्या मोठ्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, बाह्या वर केलेल्या.

मावशीला नीट सुरुवात सुचेना. तिनं सरळ विचारलं, "तुमच्याकडून चादरी इतक्या घाण का येतात?"

मोठ्या सिस्टरनी तिच्या एप्रनवरचं लॉन्ड्रीचं नाव वाचलं आणि त्या हसल्या. "घाण झाल्या की आम्ही त्या काढतो, म्हणून. आत या, बसा."

मग मावशीनं ताईचं सांगितलं आणि मनात होतं ते सगळं विचारलं. वेळेच्या आधी दुखलं तर? "मधला जादा डोस डॉक्टरांनी लिहूनच ठेवलेला असतो. तो द्यायला सिस्टरला कुणाची वाट बघावी लागत नाही." सुट्टीच्या दिवशी डॉक्टर? "फोन लागतो. लागला नाही तर मी त्यांच्या घरी जाते, घर जवळच आहे." दुखणं थांबलंच नाही तर?  "कधीकधी पूर्ण थांबत नाही. तेव्हा आम्ही खोटं बोलत नाही, आणि एकटं सोडत नाही. आता मी विचारते. तुमच्या ताईंना कशाची भीती वाटते?"

टेकडीवर भरती करताना चार पानांचा फॉर्म भरून घेतला होता. त्यात हा प्रश्न नव्हता. मावशीला रडूच कोसळलं.

भाचा फोनवर कडाडला. "चादरी मोजून तू आईला हलवणार? रस्त्यात तिला काही झालं तर? जबाबदार कोण?"

"मीच," मावशी म्हणाली.  त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ताई आता इतकी हलकी झाली होती, की जिन्यावर हेलकावा बसला तरी संपेल असं वाटायचं.

टेकडीवरच्या ऑफिसात तिच्याकडून तीन कागदांवर सही घेतली, तिन्हींवर "आमच्या जबाबदारीवर" असं छापलेलं. मोठ्या सिस्टरनी त्यांची एक सिस्टर गाडीबरोबर पाठवली होती. तिनं तिथल्या सिस्टरकडून डोस मागून घेतला, तो ताईला दिला आणि म्हणाली, "अर्धा तास थांबू. औषध लागू होऊ दे, मग उचलू." स्ट्रेचर निघालं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं मावशीचं मनगट धरलं. बोटं कोरडी आणि भलतीच घट्ट होती.

"मलाही ने," ती म्हणाली.

मावशीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बहुतेक "येते हं" असं काहीतरी.

रस्ता पाऊण तासाचा. प्रत्येक गतिरोधकाला मावशी दातओठ आवळून ताईच्या तोंडाकडं बघायची. अर्ध्या वाटेत ताईचा श्वास थांबला. मावशी जीव मुठीत धरून आकडे मोजू लागली. चार, पाच, सहा. सिस्टरचं बोट मनगटावर होतं. आठ, नऊ. भाच्याचे शब्द तिच्या कानांत घणासारखे पडत होते. अकराव्या आकड्याला छाती हलली. "असं होतं," सिस्टर हळूच म्हणाली. "नाडी आहे."

पोचल्यावर सिस्टर आणि आया, दोघींनी ताईला कुशीवर वळवलं आणि त्या एकमेकींकडं बघू लागल्या. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम होती. टेकडीवर कुणी तिचा उल्लेखही केला नव्हता. जखम धुताना मावशी बाहेर गेली नाही. तिनं सगळं पाहिलं, कारण न बघता मनात जे दिसलं असतं ते जास्त भयंकर असतं असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताईनं डोळे उघडले. खोलीत चौघं होती. चिरकलेल्या पण ओळखीच्या आवाजात ती म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. एक बुटकी बाई दोन दिवस उपाशी फिरते आहे. सापडल्यास जेवायला बसवावे." आया हसता हसता डोळे पुसू लागली.

सगळंच चांगलं झालं असं नाही. अकराव्या दिवशी दुपारी दुखणं बांध फुटल्यासारखं आलं. जादा डोस दिला, दुसरा दिला, तरी ताई ओरडली. दीड तास ओरडली. मावशी खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. आपला शब्द डोळ्यांसमोर मोडताना तिला दिसत होता. डॉक्टर धावत आले, औषध बदललं, संध्याकाळी ताईला झोप लागली. मोठ्या सिस्टर तेवढा सगळा वेळ हलल्या नव्हत्या. नंतर म्हणाल्या, "आज आम्ही कमी पडलो. सकाळीच ओळखायला हवं होतं." आणि तसं त्यांनी ताईच्या कागदांत लिहूनही ठेवलं. मावशीनं आजवर कुठल्या दवाखान्याच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

भाचा शेवटच्या आठवड्यात आला. आल्याआल्या त्यानं पाठीची जखम पाहिली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. त्यानंतर आईचे पाय चोळायचं काम त्यानं कुणाला करू दिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ताई गेली. श्वासात खंड पडेल, घशात घरघर होईल, ती आपल्याला भयंकर वाटते पण त्यांना जाणवत नाही, असं मोठ्या सिस्टरनी आदल्या दिवशीच बसवून सांगितलं होतं. म्हणून ती घरघर सुरू झाली तेव्हा मावशी पळाली नाही. भीती होतीच. ती भीतीसकट बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात ती टेकडीवर गेली. म्हातारीच्या खाटेवर एक जाडसे गृहस्थ झोपले होते. "त्या ना? त्या गेल्या," दारातली मुलगी हसूनच म्हणाली. मावशी तिथून थेट पत्ते लिहून देणाऱ्या डॉक्टरकडं गेली. खाटा, चादरी, डागांच्या कडा, चाळीस मिनिटं, जखम, सगळं तिनं त्याला सांगितलं.  तिच्यादेखत त्यानं टेबलावरच्या वहीतला टेकडीचा पत्ता खोडला, आणि वर एक तक्रारअर्ज तिच्या नावानं लिहून दिला. तपासणीला माणसं गेली असं कानावर आलं; पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. लॉन्ड्रीच्या मालकानं मात्र तिला बोलावून झापलं. गिऱ्हाइकाची घाण चव्हाट्यावर मांडते म्हणून तिला निवडणीवरून काढलं आणि घडीच्या टेबलावर टाकलं. तिथं सगळ्या चादरी पांढऱ्याशुभ्र होऊन येतात.

आता ओळखीपाळखीचे लोक तिला हॉस्पिसचं विचारायला येतात. कुणाचे सासरे, कुणाची बहीण. ती म्हणते, कळवून जाऊ नका. घंटा दाबून घड्याळ बघा. आजाऱ्याला कुशीवर वळवायला सांगा आणि पाठ बघा. दिवसाला चादरी किती लागतात ते विचारा, आणि तुम्ही कुठं कमी पडता, तेही विचारा. लोक कागदावर लिहून घेतात.

एकदा भाच्यानं फोनवर म्हटलं, "मावशी, तू होतीस म्हणून. नाहीतर आईला मी तिथंच ठेवलं असतं."

"ठेवलं मीच होतं रे," ती म्हणाली. "नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत ती किती ओरडली असेल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. आणि तिनंही सांगितलं नाही."

 मग त्यानं विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, बसते आता.