आटलेल्या तलावातलं विमान

“माझ्या हातालाच तोल कळंना गेलाय आता,” बाबा नानाकाकांना सांगत होते. परवाची गोष्ट. मी चहा घेऊन गच्चीच्या जिन्यात उभी. वर जावं की नाही? तोवर माझी चूक मी कुणालाही सांगितलेली नव्हती — तुम्हालाही अडखळतच सांगते आहे.

बाबांनी दोन वर्षं खपून एक विमान केलं होतं. पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक पंखांचं लढाऊ विमान, खऱ्याच्या पावपट, रिमोटवर उडणारं. गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर, टँकरच्या पाण्याचे ड्रम सरकवून. लाकूड त्यांनी कापलं, पंखांवर कापड त्यांनी ताणलं. मी फक्त सांगायचे. म्हणजे — मोबाइलवर एक परदेशी म्हातारा इंग्रजीतून शिकवायचा आणि मी एकेक वाक्य मराठीत करायचे. येईल त्याला बाबा म्हणायचे, “आमची पोरगी हाय ना, इंग्लिश मीडियमची!” मला अवघडल्यासारखं व्हायचं. आवडायचंही.

तोलाच्या भागात म्हातारा भरभर बोलला. एक वाक्य मला कळलंच नाही. “काय म्हणला गं तो?” बाबांनी विचारलं. परत लावून ऐकायचं होतं, एवढंच ना? मी म्हणाले, “विशेष काही नाही.” इंग्रजी कळलं नाही हे मला दाखवायचं नव्हतं — दुसरं काय?

त्या उन्हाळ्यात फुलंब्रीजवळचा तलाव तळापर्यंत आटला होता. तोच आमचा रनवे. विमानाच्या नाकातली टाकी बाबांनी पेट्रोलनं भरली. मग तोल बघायला आम्ही दोन बाजूंनी पंखाखाली बोटं धरून विमान उचललं. अगदी सपाट राहिलं. उडालंही सुरेख. पण पेट्रोल संपत आलं तसं नाक हलकं झालं, वर वर जाऊ लागलं, विमान हवेत उभंच राहिलं — आणि कोसळलं.

“दादा, इमान केलं का कोंबडं?” सोबत आलेले नानाकाका हसले. बाबाही हसले. तुकडे मात्र त्यांनी एकट्यानंच गोळा केले.

घरी येऊन मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. कळेपर्यंत. आणि गप्प बसले. बाबांनी नंतर पट्टी-सुरीला हात लावला नाही. मी रोज बघत होते.

परवा ते विमानाचं इंजिन गोणीत घालत होते. “घेऊन जा नाना, पिकाच्या फवाऱ्याला लाव.”

मी वर गेले. चहा हातातच राहिला.

“बाबा, टाकी रिकामी ठेवून तोल बघायचा असतो. त्यानं सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, ते मी लपवलं. नंतर कळलं, तेही लपवलं.”