मी बंद केलेला समुद्र

लेकीच्या संगीतरचनेतला समुद्र ऐन कार्यक्रमात मी बंद केला, आणि दोष तिच्या रचनेवर ढकलला.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळात माइक-स्पीकरचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. नाट्यगीतं असोत की कोजागरीची भावगीतं, कुठे घरघर आली की कुणाच्या कानावर पडायच्या आत ती खाली ओढायची, याचा मला अभिमान होता.

मंडळाच्या कार्यक्रमासाठी लेकीने केलेली रचना बासरी, व्हायोलिन, चेलो आणि लॅपटॉपमधून येणाऱ्या आवाजांसाठी होती. हैदराबादेत कुठला समुद्र? म्हणून लाटांचा आवाज रेकॉर्ड करायला आम्ही आंध्रच्या किनाऱ्यावर, बापटल्याला गेलो. ती गुडघाभर पाण्यात माइक धरून उभी, मी काठावर चपला सांभाळत.

"बाबा, शू! तुझा खोकला रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की. समुद्राला काय खोकला होत नाही?"

ती इतकी हसली की ते रेकॉर्डिंग वाया गेलं. परतताना गाडीत इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. ती दुपार अजून आठवते.

तालमीला मात्र मी गेलो नाही. मला काय शिकवायचंय, असा तोरा. कार्यक्रमात वाद्यं हळूहळू थांबली आणि स्पीकरमधून खोल घरघर उठली. सवयीने माझा हात गेला आणि मी ती खाली ओढली. ती लाट होती. तिच्यातूनच वाद्यांनी पुन्हा वर यायचं होतं. वादक एकमेकांकडे बघत बसले. मागून एक काका दखनीत ओरडले, "समिंदर सूक गया क्या, मियाँ?" सगळा हॉल हसला.

आवाज कसा गेला, असं तिने नंतर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "इतके खोल आवाज आपले स्पीकर काढत नाहीत गं. जरा सोपं लिहायचंस."

गेल्या महिन्यात कुकटपल्लीला तिच्या घरी गेलो. दुसऱ्या प्रयोगासाठी ती रचना दुरुस्त करत होती.

"लाट काढून टाकतेय," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "तूच म्हणालास ना, मला ते जमलं नाही."

एवढं मी म्हणालो नव्हतो. पण तिने ऐकलं ते तेच होतं.

"काढू नकोस," मी म्हणालो. "स्पीकर चांगले होते. तुझी लाटही. मला ती बिघाड वाटली, मी आवाज खाली ओढला आणि तुझ्याशी खोटं बोललो. चुकलो मी, बाळा. मला माफ कर."